जूनमध्ये घर सोडण्याआधी: खान्देशातल्या पळणाऱ्या पोरापोरींसाठी शेवटचे सहा आठवडे

पुण्याला किंवा नाशिकला अकादमीत निवड झाली, नाहीतर तिथल्या कॉलेजात प्रवेश ठरला, की जूनच्या मध्याला सामान बांधायचं असतं. त्याआधी घरी जे सहा आठवडे उरतात ते नेमके खान्देशातल्या सगळ्यात कडक उन्हाचे. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास, घरात लग्नांच्या पत्रिकांचा ढीग आणि रानात कपाशीची लगबग. या दिवसांत काहीजण पळणं जवळजवळ सोडूनच देतात. काहीजण उलट करतात. तिथे गेल्यावर मागे पडायला नको म्हणून दोन वेळा घाम गाळतात. दोघांचाही शेवट बहुतेक वेळा सारखाच होतो, जुलैत नडगी धरून ट्रॅकच्या कडेला बसण्यात.

कारण साधं आहे. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, पण हाड आणि स्नायूबंध घट्ट व्हायला महिने लागतात. नव्या जागी किलोमीटर एकदम वाढतात, सिंथेटिक ट्रॅक येतो, स्पाइक (तळाला खिळे असलेले बूट) येतात, सोबतची पोरं वेगवान असतात. दम पुरतो, हाड पुरत नाही. म्हणून या सहा आठवड्यांत वेळ कमी करण्यामागे लागायचं नाही. पाय न दुखता, रक्त नीट ठेवून आणि आपण खरोखर किती पळतो याचा खरा हिशेब घेऊन तिथे पोचायचं. खालचं सगळं ८०० मीटर ते ५००० मीटर पळणाऱ्या, आठवड्याला साधारण ४०-४५ किलोमीटर करणाऱ्या १७ ते १९ वर्षांच्या पोरापोरींना धरून लिहिलं आहे. तुझे किलोमीटर कमी असतील तर सगळे आकडे त्याच प्रमाणात खाली आण.

कधी आणि कुठे पळायचं

मेच्या शेवटी आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. दिवसातलं सगळ्यात कमी तापमान त्याच्या जरा आधी असतं, आणि तेही २७ ते ३० अंश. म्हणजे पाचला बाहेर पडायचं आणि पावणेसातला घरात यायचं. लाँग रनच्या दिवशी साडेचारला. संध्याकाळचं पळणं या दिवसांत बंदच ठेव. सातला ऊन गेलेलं असतं, पण डांबर आणि भिंती तापलेल्याच असतात. संध्याकाळी साडेसातनंतर घरी व्यायाम करायचा, तो पुढे सांगितला आहे.

उन्हाची सवय व्हावी म्हणून दुपारी पळणारे दरवर्षी दिसतात. त्याची काहीच गरज नाही. सकाळच्या २८-३० अंशांत १० ते १४ दिवस नियमित पळलं की शरीर जुळवून घेतं. घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. दुपारच्या पळण्यातून याहून जास्त काही मिळत नाही, आणि धोका मात्र जिवाचा असतो.

जागा निवडताना पायाखालची जमीन बघ. सगळ्यात चांगला मुरमाचा रस्ता. हतनूरच्या किंवा गिरणेच्या कालव्याच्या कडेचा असेल तर उत्तम. रावेर-यावलकडे केळीच्या बागांमधून जाणारे रस्ते पहाटे दोन-तीन अंशांनी थंड लागतात, कारण बागेला पाणी सुरू असतं. जळगावात मेहरूण तलावाच्या कडेला पहाटे सोबतही मिळते. वखरलेलं काळं रान टाळ. उन्हाळ्यात त्याला पंजा अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि घोटा मुरगळतो, आणि पहिला पाऊस पडला की तीच माती बुटाला शेर-शेर चिकटते. तापी, गिरणा, पांझरेच्या कोरड्या पात्रातल्या भुसभुशीत वाळूत पळून पाय मजबूत होतात असं बरेचजण मानतात. प्रत्यक्षात तिथे टाच खोल जाते, पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते. वाळूत पळायचंच असेल तर पाण्याच्या कडेच्या दबलेल्या ओल्या वाळूवर, आठवड्यातून एकदा, १० मिनिटं, हळू.

रस्त्यावर नेहमी उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळ. केळीचे ट्रक आणि वाळूचे डंपर पहाटेच फिरतात. पांढरा किंवा पिवळा शर्ट घाल, दोघं-तिघं मिळून जा, आणि कोणत्या रस्त्याने गेलो हे घरी सांगून ठेव. मुलींनी अंधारात एकट्याने न जाता मैत्रिणीला, भावाला किंवा सायकलवर वडिलांना सोबत घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही. कुत्री अंगावर आली तर पळू नको. थांब, तोंड त्यांच्याकडे ठेव आणि चालत पुढे जा.

अंतर मोजायला फोनवर फार विसंबू नको. शाळेच्या लहान मैदानावर गोल फेऱ्या मारताना जीपीएस चुकतं. गावातल्या गवंड्याकडून ३० मीटरचा टेप घे, सरळ रस्त्यावर २०० मीटर मोज आणि दोन्ही टोकांना फक्कीने खूण कर. रिपीटेशन (तेच छोटं अंतर वेगात परत परत पळणं) तिथेच होतात. नव्या जागी ४०० मीटरचा ट्रॅक असेल तेव्हा लक्षात ठेव, ४०० फक्त पहिल्या लेनमध्ये. दुसऱ्या लेनची पूर्ण फेरी सुमारे ४०७ मीटर होते.

सहा आठवड्यांचे किलोमीटर

पहिला आठवडा ४० किलोमीटर, दुसरा ४४, तिसरा ४८. चौथा मुद्दाम हलका, ३६. पाचवा परत ४४, आणि निघण्याआधीचा सहावा २८. याहून वर जाऊ नको, कितीही हुरूप आला तरी.

तिसऱ्या आठवड्याचा नमुना असा. सोमवारी ७ किलोमीटर हळू. मंगळवारी २ किलोमीटर वॉर्म-अप, मग १० वेळा २०० मीटर, दोन रिपीटेशनच्या मधे २०० मीटर चालत-धावत परत, शेवटी १ किलोमीटर हळू. बुधवारी ७ किलोमीटर हळू. गुरुवारी २ किलोमीटर वॉर्म-अप, मग ८ मिनिटांचे तीन टेम्पो (शर्यतीहून जरा हळू, पण एकसारख्या जोरात पळणं) आणि मधे २ मिनिटं हळू, शेवटी १ किलोमीटर. शुक्रवारी पूर्ण सुट्टी. शनिवारी ७ किलोमीटर हळू आणि गवत असेल तर ८० मीटरचे सहा स्ट्राइड (वेग हळूहळू वाढवत सैल अंगाने छोटी धाव). रविवारी ११ किलोमीटर लाँग रन.

मंगळवारी लांब रिपीटेशन न देता २०० मीटरचे दिले आहेत, ते उन्हासाठी. या हवेत १००० मीटरचे चार केले तर तिसऱ्यालाच अंग तापतं, पाय मंदावतात आणि वर्कआउट वाया जातो. २०० मध्ये पायांना वेग मिळतो आणि मधल्या चालण्यात अंग निवतं.

हळू म्हणजे किती हळू? सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. थंडीत तू साडेपाच मिनिटांनी किलोमीटर पळत असशील, तर मेमध्ये तेच अंतर त्याच कष्टात सहा मिनिटांनी होईल. हा वेग गेल्याचा पुरावा नाही. हृदयाला एकाच वेळी पायांना आणि कातडीलाही रक्त पुरवायचं असतं, म्हणून ते आधीच जास्त धडधडत असतं. घड्याळ बघून थंडीतला वेग गाठायचा हट्ट केला तर हळू पळण्याचा प्रत्येक दिवस शर्यत होतो आणि तिसऱ्या आठवड्यात तू संपतोस.

सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातच, मनगटावर १५ सेकंद नाडी मोज आणि चारने गुण. आठवडाभरात तुझा नेहमीचा आकडा कळेल. त्यापेक्षा ८-१० ने जास्त सलग दोन दिवस आला, तर त्या दिवशीचा वर्कआउट सोड आणि अर्धा तास हळू पळ.

टाइम ट्रायल (घड्याळ लावून पूर्ण जोराने पळून बघणं) एकच, चौथ्या हलक्या आठवड्यात. ३००० मीटर, पहाटे, सपाट रस्त्यावर. आकडा थंडीपेक्षा मंद येणार हे धरूनच चाल. त्याच्यासोबत तापमान, जमीन आणि वेळ हाताच्या घड्याळाची की कशी, हे लिहून ठेव. शेवटच्या दहा दिवसांत ट्रायल घेऊ नको. जायच्या आधी एकदा बघून घेऊ, असं म्हणून केलेल्या ट्रायलमध्येच मांडीमागचा स्नायू धरतो.

पाणी, मीठ, वजनकाटा

घरात वजनकाटा नसेल तर किराणा दुकानातला मोठा काटा चालेल, फक्त दरवेळी तोच हवा. पळण्याआधी लघवी करून कमीत कमी कपड्यात वजन घे, आल्यावर अंग पुसून परत घे. जितकं वजन घटलं तितका घाम गेला, एक किलोला एक लिटर. समज ५२ किलोचे ५०.८ झाले, तर १.२ लिटर गेले. ते भरायला दीडपट, म्हणजे पुढच्या दोन-तीन तासांत सुमारे १.८ लिटर, घोट घोट करून प्यायचं. वजन दोन टक्क्यांहून जास्त घटत असेल (५२ किलोच्या पोराला एक किलोच्या वर) तर पळतानाही पाणी लागतं. लाँग रनला कालव्याच्या पुलावर बाटली ठेव आणि दर २० मिनिटांनी १५०-२०० मिलिलिटर पी.

नुसतं साधं पाणी लिटर-लिटर ढोसणं चूक आहे. घामात मीठही जातं, रक्तातलं सोडियम पातळ झालं की डोकं दुखतं, मळमळतं, आणि फारच झालं तर जिवावर बेततं. ओआरएसची पुडी असेल तर ती पुडीवर लिहिलेल्या मापानेच, बहुतेक वेळा एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात टाकून चालत नाही, प्रमाण बिघडतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. वर लिंबू पिळ. मीठ-जिरं घातलेलं ताकही उत्तम, मात्र पळून आल्यावर, आधी नको. दुकानातली खोक्यातली गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

लघवीचा रंग दिवसभर फिकट लिंबू सरबतासारखा असला की पाणी पुरतं आहे.

उष्माघात ओळखणं

हे तुझ्यापेक्षा तुझ्या सोबत्यांना माहीत हवं, कारण उष्माघात झालेल्याला स्वतःला कळत नाही. पळताना पाय लटपटतात, बोलणं असंबद्ध होतं, चिडचीड होते, उलटी होते, कधी थंडी वाजल्यासारखं वाटतं. घाम थांबेलच असं नाही. पळता पळता झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळतही असतं. तेव्हा घाम आहे म्हणून ऊन लागलेलं नाही, असं समजू नका.

असं दिसलं की पहिलं काम अंग थंड करणं, दवाखान्याची गाडी दुसरं. सावलीत घ्या, कपडे सैल करा, शेतातल्या हौदात मानेपर्यंत बसवता आलं तर सगळ्यात चांगलं, पण एकाने डोकं धरून ठेवायचं. हौद नसेल तर बोअरचं पाणी अंगभर सतत ओता आणि वारा घाला. मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन एकाने करायचा, बाकीच्यांनी पाणी ओतणं थांबवायचं नाही. कांदा हुंगवण्यात किंवा तळपायाला लावण्यात वेळ घालवू नका, तेवढ्यात मेंदूला इजा होते.

पोटरी आणि नडगी

आमच्या मते सगळ्या तयारीत मोलाचं काम हेच आहे, आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी, २५ मिनिटं. ओट्याच्या पायरीच्या कडेवर एका पायाच्या पंज्यावर उभं राहा, टाच बाहेर. वर एका सेकंदात, खाली तीन सेकंदांत. प्रत्येक पायाला १५ चे तीन सेट. पहिले दोन आठवडे गुडघा सरळ ठेवून. तिसऱ्या आठवड्यापासून एक सेट गुडघा थोडा वाकवून कर, कारण पोटरीच्या आतला स्नायू तेव्हाच काम करतो, आणि पळताना भार जास्त त्याच्यावर येतो. चौथ्या आठवड्यापासून पाठीवर दप्तर घे, आत पाच किलो ज्वारी.

सोबत भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, आणि दोन्ही पंजे वर उचलायचे, २० चे दोन सेट. नडगीपुढचा स्नायू यानेच तयार होतो. एका पायावर अर्धी बैठक ८ चे तीन सेट, गुडघा आत न पडू देता. पालथं प्लँक ४० सेकंद तीन वेळा. दोरीवरच्या उड्या तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिटाचे तीन सेट, मातीवर. उड्यांनी हाडाला थोडा थोडा धक्का बसतो आणि ते घट्ट होतं, म्हणून त्या शेवटपर्यंत ठेव.

नडगी दुखायला लागली तर बोटाने चाचपून बघ. आतल्या कडेने चार-पाच बोटं लांबीत पसरट दुखत असेल आणि पळताना गरम झाल्यावर कमी होत असेल, तर आठवडाभर किलोमीटर निम्मे कर, मातीवरच पळ, वरचे व्यायाम चालू ठेव. पण एका बोटाखाली येईल एवढ्याच जागेत टोचत असेल, त्या पायावर एक उडी मारली तरी कळ येत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांचे डॉक्टर गाठ. हाडाला बारीक तडा गेला असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो. एक्स-रे नीट आला म्हणून परत पळायला लागू नको, पुढची तपासणी कोणती आणि कधी करायची हे डॉक्टरांना विचार. तेल चोळून हाडाचा तडा भरत नाही.

बूट आणि स्पाइक

नवे बूट निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नको. तीन-चार आठवडे आधी घे, तेही संध्याकाळी, जेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. उभं राहून अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. पहिले ४० किलोमीटर फक्त हळू पळण्यात घाल, जुन्याशी एकाआड एक. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने सुरुवातीची तारीख लिही. साधारण ६०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ दबतो, वरून बूट कितीही चांगला दिसो.

मातीच्या मैदानावर पळणाऱ्यांच्या स्पाइकला लांब खिळे असतात. सिंथेटिक ट्रॅकवर ९ मिलिमीटरपेक्षा लांब खिळे चालत नाहीत. ६ मिलिमीटरच्या खिळ्यांचा एक सेट आणि किल्ली घरूनच घेऊन जा. तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात स्पाइक फक्त स्ट्राइडपुरते, १० मिनिटं. सपाट तळाच्या स्पाइकमध्ये टाच खाली जाते, पोटरी अचानक लांब ताणली जाते, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही.

ताट

कळण्याची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, ताक हे पळणाऱ्याचं उत्तम जेवण आहे. त्यात बदल करायची गरज नाही, मोजमाप मात्र हवं. ५२ किलोच्या धावपटूला दिवसाला साधारण ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. दिवसभरात मिळून ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी (३० ग्रॅम प्रथिनं), ६० ग्रॅम कोरडी डाळ (१३), ५० ग्रॅम शेंगदाणे (१२), अर्धा लिटर दूध (१६) आणि दोन अंडी (१२) झाली की हिशेब पुरा होतो. अंडी घरात चालत नसतील तर २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या. पळण्याआधी अर्धा तास एक केळं आणि ग्लासभर पाणी. आल्यावर तासाभराच्या आत न्याहरी, मग भाकरी-दूध असो की पोहे-शेंगदाणे.

जाण्याच्या चार-पाच आठवडे आधी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व. हिमोग्लोबिन मुलींमध्ये १२ च्या खाली आणि मुलांमध्ये १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि त्यावर कितीही पळालं तरी वेळ सुधारणार नाही. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. तो हिमोग्लोबिनच्या आधी घसरतो, म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानू नको. गोळी डॉक्टरांनी दिली तरच आणि तेवढीच. जेवणासोबतचा चहा लोह शोषू देत नाही, दोन्हींत तासाभराचं अंतर ठेव, भाजीवर लिंबू पिळ. मुलींची पाळी तीन महिने आली नसेल तर ते पळणाऱ्यांचं असंच असतं म्हणून सोडायचं नाही. बहुधा खाणं कमी पडतं आहे, आणि त्यात हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरकडे आईसोबत जा.

कोणी डबा किंवा इंजेक्शन देऊन ताकदीचं आहे म्हणालं तर घेऊ नको. उत्तेजक चाचणीत सापडलं तर जबाबदार तूच असतोस, देणारा नाही. सर्दीचं औषध घेतानाही डॉक्टरांना आपण स्पर्धेत उतरतो हे सांग आणि चिठ्ठी जपून ठेव.

मेसमध्ये बहुधा गव्हाच्या पोळ्या आणि भात असतो. भाकरीवर वाढलेल्या पोटाला पहिला आठवडा जड जातो, म्हणून निघण्याआधी दोन आठवडे एक वेळ पोळी खायला लाग. सोबत नेण्यासारखं: बिबडे, जवस-तीळ-शेंगदाण्याची कोरडी चटणी, शेंगदाणा-गुळाचे लाडू (पंधरवडा टिकतात), खारीक, भाजलेले फुटाणे. ओलं लोणचं-चटणी बॅगेत नको. आईकडून मुगाची खिचडी शिकून घे. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाट्या पाणी, कुकरच्या तीन शिट्ट्या. आजारपणात तीच कामाला येते.

लग्नसराई, रान, झोप

आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) मेअखेरपर्यंत आमरस, मांडे, वरण-बट्टी चालूच असतं. खायला हरकत काहीच नाही, फक्त टेम्पो आणि लाँग रनच्या आदल्या रात्री नको. लग्नातलं जेवण गरम असेल तेव्हाच घे. मठ्ठा, बासुंदी, उघड्यावरचं सलाड आणि बर्फ टाळ, कारण ४४ अंशांत दूध-दही तासाभरात बिघडतं आणि जुलाबात चार-पाच दिवस जातात. हळदीच्या रात्री जागरण झालं तर सकाळचा वर्कआउट दुसऱ्या दिवशी ढकल. झोप नसताना वेगात पळू नको.

शेतातली कामं पळण्यातच धर. ठिबकच्या नळ्या पसरणं, केळीचे घड वाहणं, बियाण्याच्या गोण्या उचलणं हे कमरेवर आणि मांड्यांवर चांगलंच पडतं. त्याला नाही म्हणू नको, घरच्यांना या दिवसांत हात लागतात. पण नानांना, आप्पांना आधीच सांग की मंगळवार आणि गुरुवारच्या आदल्या दिवशी हलकं काम द्या. जड काम झालं त्या दिवशी संध्याकाळचा व्यायाम सोड.

गच्चीवर झोपत असशील तर दिवस मावळताच स्लॅबवर पाणी शिंपड. स्लॅब निवायला वेळ लागतो, अंथरूण लगेच टाकलं तर रात्रभर खालून धग येते. रात्रीचे सहा तास आणि दुपारी कूलरपुढे दीड तास, एवढं तरी व्हायलाच हवं. दुपारची झोप तीनच्या पुढे नेऊ नको.

वही आणि कागद

दोनशे पानी वहीत शेवटच्या आठ आठवड्यांचे किलोमीटर, वर्कआउट, सकाळची नाडी, वजन, दुखणी, आणि प्रत्येक अंतराची सगळ्यात चांगली वेळ तारखेसकट लिही. नव्या जागी सर विचारतील, आठवड्याला किती पळतोस. तिथे ४५ चे ७० सांगणारे खूप असतात. सर त्यावर विश्वास ठेवून ७० च्या गटात टाकतात, आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी जाते. खरा आकडा सांग, वही दाखव. गावच्या क्रीडाशिक्षकांना नव्या सरांशी एकदा फोनवर बोलायला सांग. जुनी दुखणी आणि तुझा स्वभाव त्यांना माहीत असतो, तो अर्ध्या तासात तिकडे पोचतो.

कागदांची कामं मेमध्येच उरक. जूनमध्ये प्रवेशांसाठी सेतू केंद्रावर आणि तहसीलमध्ये रांगा लागतात. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, रहिवासी दाखला, लागू असेल तर जातीचा आणि नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, बँक पासबुक, २० फोटो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख सगळीकडे अक्षरनअक्षर एक हवी. १४, १६, १८, २० वर्षांखालच्या गटांत वय तपासतात, तिथे आधारवरची एक चूक स्पर्धा हुकवते. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून पुणे विद्यापीठात जात असशील तर स्थलांतर प्रमाणपत्र लागेल. स्पर्धांची सगळी प्रमाणपत्रं स्कॅन करून ठेव, मूळ प्रती घरी कपाटात. राज्य सरकारच्या नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी पुढे त्यांची पडताळणी होते. नव्या जिल्ह्याकडून पळायचं असेल तर आपल्या जिल्हा संघटनेकडे जाण्याआधीच विचारून घे. आणि १६ व्या वर्षाची धनुर्वाताची लस राहिली असेल तर ती घे, खिळ्यांच्या बुटांशी रोजचा संबंध आहे.

निघताना, आणि तिथले पहिले तीन आठवडे

शेवटच्या आठवड्यात २८ किलोमीटर, एकच वेगाचा दिवस (६ वेळा २००), पायरीवरचा व्यायाम एकदा. महाराष्ट्र एक्सप्रेस असो की रात्रीची बस, पोचल्या दिवशी पळू नको. २० मिनिटं चाल, पोटऱ्या सैल कर, लवकर झोप. पुढचे दोन दिवस अर्धा तास हळू.

आता खरा सापळा. जूनमध्ये पुणे-नाशिकला पाऊस सुरू झालेला असतो, हवा २४-२८ अंशांची. खान्देशच्या उन्हातून गेलेल्याला तिथे पंख फुटल्यासारखं वाटतं. तोच वेग निम्म्या कष्टात निघतो, कारण उन्हाने वाढवलेला रक्ताचा साठा अजून अंगात असतो. हे दोन-तीन आठवडे टिकतं. या दिवसांत पोरं गटात सगळ्यांच्या पुढे पळतात, सर खूश होतात, किलोमीटर वाढतात, आणि हाडाला मात्र कोणी विचारत नाही. पहिले तीन आठवडे गटाच्या किलोमीटरच्या तीन-चतुर्थांशच करायची परवानगी सरांकडे पहिल्याच दिवशी माग. ४८ च्या पुढे आठवड्याला चार-पाच किलोमीटरपेक्षा जास्त वाढवू नको. हळू पळण्याचे दिवस ट्रॅकवर न करता बाहेर मातीवर कर, आणि ट्रॅकवर वॉर्म-अपची दिशा एकाआड एक दिवस बदल, सतत डावीकडे वळून एकाच पायाच्या नडगीवर भार येतो. दोन्ही शहरं समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आतबाहेर आहेत, उंचीचा त्रास होत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत जाणाऱ्याला हवेची ही सूट नाही. तिथे जूनचं ऊन आपल्यासारखंच आणि जुलैत वर दमटपणा, तेव्हा पाण्या-मिठाचा हिशेब तसाच चालू ठेव. उटीच्या शिबिरात, २२०० मीटरवर, पहिला आठवडा फक्त हळू.

पोटरीचे व्यायाम तिथे गेल्यावर बंद पडतात, कारण पायरी दाखवणारं कोणी नसतं. वसतिगृहाच्या जिन्यावर तेच दिवस ठरवून ठेव. आणि नडगीवर एका बोटाएवढी जागा दुखली, तर त्या दिवशीच्या प्रॅक्टिसच्या आधी सरांना सांग, नंतर नाही.